रानमिरीचं जुनं नाव: चार शीट, त्यातल्या दोनांवर एकच नंबर. लेक्टोटाइप कोणती?

पेरंवाली (नागपूर)

सह्याद्रीतल्या एका रानमिरीच्या नावाचं प्रकरण हातात आहे: त्या नावाला बांधायचा एक वाळवलेला नमुना (शीट) मागाहून निवडायचा आहे, म्हणजेच लेक्टोटाइप. जातीचं नाव इथे टाकत नाही, पेपर अजून जायचा आहे. नाव डच वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेलचं, 'सिस्टेमा पायपरॅसिअरम'मधलं (१८४३-४४). त्याने ते वेगळ्याच वंशात टाकलं होतं. कासिमिर द कँडोलने १८६९ मध्ये 'प्रोड्रोमस'च्या सोळाव्या खंडात ते पायपरमध्ये, म्हणजे मिरीच्या वंशात आणलं.

प्रोटोलॉगमध्ये (नाव पहिल्यांदा छापलं तिथल्या मजकुरात) नमुन्याबद्दल एवढंच: भारतीय द्वीपकल्प आणि वेचणाऱ्याचं नाव, वाइट. नंबर नाही, तारीख नाही, गाव नाही. वर्णन फक्त नर कणसांचं, फळाचा उल्लेख नाही. ऑनलाइन चार शीट मिळाल्या.

पहिली लंडनच्या क्यू हर्बेरियमची (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची). छापील लेबल, त्यावर एक नंबर आणि '१८६६-७ मध्ये क्यूहून वाटप' अशी ओळ. मादी वेल, फळं धरलेली.
दुसरी लायडनची. लेबल तसंच, नंबरही तोच, मादी. खाली मिकेलच्या अक्षरात जातीचं नाव.
तिसरी पुन्हा क्यूची. 'हर्बेरियम हूकेरियानम १८६७' असा शिक्का. नंबर नाही. हाताने लिहिलेली चिठ्ठी, त्यावर वाइटचं नाव आणि मिकेलने लिहिलेलं जातीचं नाव. एक फांदी, दोन नर कणसं.
चौथी एडिंबराची, वाइटचा सहलेखक आर्नॉट याच्या संग्रहातली. नर-मादी दोन्ही, शिवाय हृदयाकृती पानांची एक वेगळीच वाटणारी फांदी.

२००० नंतरच्या एका प्रादेशिक फ्लोरामध्ये (त्या भागातल्या वनस्पतींच्या ग्रंथात) 'होलोटाइप: वाइट, क्यू' असं लिहिलंय, म्हणजे मूळ लेखकाचा एकमेव टाइप नमुना; शीट कोणती ते नाही. माझा कल लायडनच्या शीटकडे आहे, कारण तिच्यावर लेखकाचं अक्षर आहे, फळं आहेत आणि क्यूमध्ये तिची आयसोटाइपही (त्याच वेचणीतली दुबार शीट) आहे. बरोबर चाललंय का? आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिचच्या यादीत याच वेलीला त्याआधीचं नाव दिसतं, ते अग्रक्रम घेईल का?

कागद_आणि_गोंद

ताई, लायडनची शीट सोडा. सापळा तिथेच आहे.

छापील लेबलवरचा तो नंबर वेचणीचा नाही. वाइटच्या संग्रहातल्या दुबार शीट क्यूने १८६६-६७ मध्ये जगभर वाटल्या, तेव्हा एकेका जातीला एकेक नंबर दिला. वाइटने किंवा त्याच्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या डोंगरांवर वेचलेलं साहित्य एकाच नंबराखाली जाऊ शकतं. नंबर जुळला म्हणून गॅदरिंग (एका माणसाने, एका वेळी, एका ठिकाणी केलेली वेचणी) एक ठरत नाही. गॅदरिंग एक नाही तर आयसोटाइप, आयसोलेक्टोटाइप हे शब्द वापरायचेच नाहीत. फार तर 'बहुधा' लावून लिहा.

दुसरं, अक्षर. मिकेल १८६२ पासून लायडनच्या संग्रहाचा संचालक होता, १८७१ मध्ये वारला. म्हणजे १८६६-६७ चा गठ्ठा लायडनला पोचला तेव्हा तो तिथेच बसला होता. त्याने ती शीट बघून स्वतःचंच वीसेक वर्षांपूर्वीचं नाव तिच्यावर घातलं. अक्षर खरं आहे, पण ते ओळख पटवल्याचं अक्षर आहे. वर्णन लिहिताना ती शीट त्याच्यासमोर होती असं त्यावरून सिद्ध होत नाही. मूळ साहित्य म्हणजे लेखकाने त्या नावाशी जोडलेलं आणि वर्णन लिहिण्याच्या वेळी किंवा त्याआधी त्याच्या हाताशी असलेलं साहित्य. (नियम ९.४. मी देतो ते सगळे क्रमांक वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे, शेन्झेन संहितेचे. तिच्यानंतरच्या माद्रिद संहितेतून उद्धृत करणार असाल तर क्रमांक तिथे पडताळून घ्या.)

पहिल्या शीटला तर लेखकाच्या अक्षराचाही आधार नाही.

राहिल्या तिसरी आणि चौथी. 'हूकेरियानम १८६७' हा शिक्का बघून दचकू नका. थोरल्या हूकरचा खासगी संग्रह क्यूने घेतल्यानंतर त्यावर मारलेला तो शिक्का आहे, वेचणीचं साल नव्हे. संग्रह स्वतः कितीतरी जुना. प्रोटोलॉगमध्ये वाइटच्या नावामागे हूकरच्या संग्रहाचा संक्षेप आहे का, ते पहा. मिकेल बऱ्याचदा कुणाच्या संग्रहात पाहिलं ते देतो. संक्षेप असेल आणि तिसऱ्या शीटवर त्याची चिठ्ठी असेल, तर निम्मं काम झालं.

होलोटाइपबद्दल: १८४३-४४ च्या लेखकाने 'टाइप' म्हणून एकच शीट नेमली नसेल आणि एकच शीट वापरल्याचा पुरावा नसेल, तर होलोटाइप नाही. नंतरच्या कुणी 'होलोटाइप' लिहिलं तर ती दुरुस्त करण्याजोगी चूक धरता येते (९.१०), पण त्यासाठी नेमणूक आधी नियमात बसलेली हवी. १ जानेवारी २००१ पासून 'येथे नियुक्त' किंवा त्या अर्थाचे शब्द लागतात (७.११). तुमच्या फ्लोरात ते नाहीत, म्हणजे लेक्टोटाइपची नेमणूक झालेली नाही. वाट मोकळी आहे.

चंपक_नाही_पिंपळी

मोकळी आहे असं इतक्यात म्हणू नका. २००० नंतरचा फ्लोरा बाद झाला, पण त्याच्या आधीचं सगळं चाळलं का? २००१ पूर्वीच्या लेखनात कुणी एका शीटकडे स्पष्ट बोट दाखवून 'टाइप' म्हटलं असेल तर ती नेमणूक धरली जाते, 'लेक्टोटाइप' शब्द नसला तरी. १९९० पासून शीट कोणत्या संग्रहात आहे ते द्यावं लागतं (९.२२), २००१ पासून तो शब्दही हवा (९.२३). २००१ पूर्वी कुणी नुसतं 'टाइप: वाइट (क्यू)' लिहिलं असेल आणि क्यूमध्ये एकाच गॅदरिंगच्या दोन शीट असतील, तर ती पहिली पायरी मान्य करून त्यातली एक शीट दुसऱ्या पायरीने निवडायची (९.१७). तिथे नव्याने मांडामांड करायचा अधिकार आपल्याला नाही. या कामात पेपर परत येतात ते बहुतेक याच कारणाने: आधी कुणी नेमून ठेवलंय हे न बघितल्यामुळे.

वॉलिचच्या यादीचं सोपं आहे. १८२८ पासून निघालेली ती शिळाछाप यादी म्हणजे नंबर, नाव आणि ठिकाण, वर्णन नाही. ते नग्न नाव, वैध प्रकाशित नाही, अग्रक्रमाचा प्रश्नच नाही. रॉक्सबर्गच्या १८१४ च्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस'मधल्या बहुतेक नावांचंही तसंच. त्याची वर्णनं १८२० च्या 'फ्लोरा इंडिका'त आली, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. पायपर ट्रायोइकम तिथलंच.

पण मिकेलने समानार्थी म्हणून वॉलिचचा नंबर दिलाय का, ते बघा. दिला असेल तर वॉलिचच्या शीटही मूळ साहित्यात येतात. क्यूमध्ये त्याचा संग्रह वेगळा ठेवलाय, शोधताना तो सुटतो. आणि एका नंबराखाली ए, बी, सी अशी अक्षरं असतील तर ती वेगवेगळी गॅदरिंग असतात, कधी वेगवेगळ्या माणसांची, कधी चक्क वेगवेगळ्या जाती.

ऱ्हेडेच्या 'हॉर्टस मलबारिकस'चा सातवा खंड (१६८८) उद्धृत असेल तर तेही चित्र मूळ साहित्यच. पण नमुना उपलब्ध असताना चित्राकडे जायचं नाही. क्रम ठरलेला आहे (९.१२): आधी आयसोटाइप, नाहीतर सिनटाइप (होलोटाइप नसताना प्रोटोलॉगमध्ये उद्धृत केलेले नमुने) किंवा आयसोसिनटाइप (त्यांच्या दुबार शीट), मग पॅराटाइप (उद्धृत केलेले, पण टाइप नसलेले इतर नमुने), आणि हे काहीच नसेल तेव्हा उद्धृत न केलेले नमुने आणि चित्रं.

जाता जाता: शीर्षकातली 'मिरी' कुणी घाईत वाचली तर भिवापुरी मिरचीवाले येतील इथे. तो वंश वेगळा, कुळही वेगळं.

पेरंवाली

दोघांचेही आभार. प्रोटोलॉग पुन्हा बघितला. हूकरच्या संग्रहाचा संक्षेप आहे, माझ्या नजरेतून सुटला होता. आर्नॉटचा उल्लेख नाही. वॉलिचचा नंबर समानार्थी म्हणून आहे, पण त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. २००१ पूर्वीचं जे मिळालं त्यात टाइपचा उल्लेख सापडला नाही, अजून दोन जुने फ्लोरा बघायचे आहेत.

आता अडचण तिसऱ्या शीटची. नर कणसं दोन, ब्रॅक्टचा (फुलाखालच्या बारीक पानासारख्या भागाचा) आकार फोटोत दिसत नाही. आणि चौथी शीट मला मिश्र वाटते: हृदयाकृती पानांची फांदी दुसऱ्या जातीची असावी. ती बाद करू का?

ओला_ब्लॉटर

चौथी मिश्र आहे असं लिहायच्या आधी पेरं बघा.

मिरीवर्गातल्या वेलीला दोन-तीन तऱ्हेच्या फांद्या असतात. झाडाला धरून वर चढणारं खोड आणि जमिनीवर पसरणारे धावते, यांच्या पेरांना मुळं फुटतात, पानं रुंद, तळाशी हृदयाकृती. आडव्या, कणसं धरणाऱ्या फांद्यांच्या पेरांना मुळं नसतात, पानं अरुंद, तळ निमुळता किंवा तिरपा. एकाच वेलीवरची ही दोन पानं शेजारी ठेवली तर नवख्याला दोन जाती वाटतात. फोटो मोठा करून हृदयाकृती पानांच्या फांदीवर पेराजवळ मुळांचे खुंट किंवा खुणा शोधा. असतील तर बहुधा तेच वेलीचं खोड. नागपुरातून आंबोलीला जायची गरज नाही, रामटेकच्या पानमळ्यात नागवेलीवर हा फरक हाताने चाचपून बघता येतो. मुख्य वेल आधाराला मुळांनी चिकटलेली, बाजूच्या फांद्या मोकळ्या.

मग देठाची लव, शिरांची संख्या आणि सगळ्यात वरची शिरांची जोडी पानाच्या तळापासून किती मिलिमीटरवर सुटते, हे दोन्ही फांद्यांवर मोजा. आकार बदलतो, पण लवीची जात सहसा एकच राहते.

नर-मादी एका शीटवर असणं हा दोष नाही. एका माणसाने, एका वेळी, एका ठिकाणी वेचलेलं असेल तर दोन वेलींचे तुकडेही एकच गॅदरिंग. पण जुन्या शीटवर ते कळायला मार्ग नसतो, आणि आर्नॉटचा उल्लेख प्रोटोलॉगमध्ये नसताना मी चौथीच्या मागे लागणार नाही. 'तपासलेले इतर नमुने' यात टाका.

आता फोटो. टाइपचे फोटो साधारण ६०० पीपीआयला (इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन झालेले असतात. म्हणजे १ मिलिमीटर सुमारे २४ पिक्सेल. ब्रॅक्ट अर्धा मिलिमीटरचा धरला तर तुमच्या वाट्याला १२ पिक्सेल येतात. त्यावरून ब्रॅक्ट गोल की लांबट, कडा सुट्या की कण्याला चिकटलेल्या, हे कुणीही सांगू शकत नाही. सांगितलं तर तो अंदाज. क्यूला लिहा: बारकोड द्या, कणसाचा कोणता भाग हवा तो फोटोवर चौकोन करून दाखवा आणि मोजपट्टीसकट २० ते ४० पट मोठा फोटो मागा. 'ब्रॅक्टचा फोटो पाठवा' एवढंच लिहिलं तर कणसाच्या टोकाचा येतो, तिथे ब्रॅक्ट कच्चे असतात. मधला तिसरा हिस्सा मागायचा. कणीस भिजवून उघडायची मागणी टाइपवर करू नका, नकार येईल आणि यायलाच हवा. भिजवणं आपल्या ताज्या किंवा साध्या नमुन्यावर: गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, पाच-दहा मिनिटं, मग सुईने.

एकाच कागदावर दोन बारकोड असतील तर ते दोन नमुने आहेत. कोणता तुकडा कोणत्या बारकोडचा, हे लिहिल्याशिवाय नेमणूक अर्धवट राहते. क्यूच्या जुन्या कागदांवर हे वारंवार दिसतं. दोन संग्रहांतले तुकडे जागा वाचवायला एकत्र चिकटवलेले असतात.

कागद_आणि_गोंद

संक्षेप निघाला म्हणता, मग तिसरी शीट. नर आहे म्हणून कमी प्रतीची वाटत असेल, पण वर्णन नर कणसांचंच आहे. प्रोटोलॉगशी जुळणारी तीच. फळं असलेली शीट देखणी दिसते म्हणून ती निवडायची हा मोह सोडा.

वॉलिचच्या नंबरापुढे प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे मिकेलला स्वतःलाच खात्री नव्हती. त्या शीट लेक्टोटाइपला घेऊ नका.

नर कणसांवरून जात पक्की होत नाही ही अडचण खरी आहे. या वंशात नर कणसं एकमेकांसारखी असतात, खरी ओळख मादी कणसाच्या ब्रॅक्टमध्ये, कण्याच्या लवीत आणि फळात. त्याला उपाय एपिटाइप, म्हणजे अपुऱ्या टाइपला आधार म्हणून नेमलेला दुसरा नमुना (९.९). पण लेक्टोटाइप कुठे अपुरी पडते ते आधी दाखवावं लागतं. 'फळं हवीत म्हणून' हे कारण नाही. 'अमुक दोन जातींत नर कणसांवर फरक करता येत नाही, लेक्टोटाइपवर मादी कणीस नाही' हे कारण. कोणत्या टाइपला आधार देतोय ते एपिटाइप नेमताना स्पष्ट लिहायचं. आणि उद्या कुणी लेक्टोटाइप बदलली, किंवा ती हरवली, तर एपिटाइपही गळते.

ओला_ब्लॉटर

एपिटाइप आंबोलीची करायला हात शिवशिवतील, कारण ती जवळची. करू नका. वाइटचं काम मद्रास इलाख्यात, निलगिरी, कोइंबतूर, कुर्ताळमकडे. त्याच्या नावाला कोकणाच्या टोकावरची वेल बांधली आणि पुढे उत्तर-दक्षिण दोन जाती निघाल्या, तर नाव भलतीकडे जाईल. दक्षिणेतली मादी वेल घ्या, आंबोलीची 'तपासलेले नमुने' यात द्या. कोइंबतूरला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या दक्षिण मंडळात जुनं मद्रास हर्बेरियम आहे आणि हावड्याला मध्यवर्ती राष्ट्रीय हर्बेरियम. नव्याने वेचायच्या आधी तिथे चांगली मादी शीट आहे का बघा, एक फेरी वाचेल.

परवानगी त्या त्या राज्याच्या वनखात्याची. महाराष्ट्रातल्या अभयारण्यापुरतं बोलायचं तर प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांचं कार्यालय आपल्याच गावात, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात. अर्जात 'वनस्पती नमुने' असं मोघम लिहू नका. वंश, किती वेली, वेलीमागे किती फांद्या, कोणते महिने आणि नमुने कुठे जमा होणार, एवढं द्या.

वेळ: कणसं पावसाच्या सुरुवातीला, फळं हिवाळ्यात. एकाच फेरीत दोन्ही मिळत नाहीत, म्हणून मादी वेलीला खूण करून परत जावं लागतं. पण दोन फेऱ्यांची वेचणी ही दोन गॅदरिंग, नंबर दोन. दोन्ही मिळून एक एपिटाइप होत नाही. फळांची शीट नेमा, कोवळ्या कणसांची सोबत दाखवा. नर वेलीला वेगळा नंबर. एका नंबराखाली नर 'अ', मादी 'ब' असं काही करू नका. आज आपण वॉलिचला शिव्या घालतो, शंभर वर्षांनी लोक आपल्याला घालतील.

दाबताना ही वेल मरत नाही, हा तिचा मुख्य त्रास. प्रेसमध्ये आठवडाभर जिवंत राहते, सांध्यावर पानं गाळते, कणसं सुटतात, कागद उघडला की हातात नुसती काडी. फांदी उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून, टिपून मग दाबा. किंवा वर्तमानपत्राचा गठ्ठा ५०-६० टक्के स्पिरिटने भिजवून जाड पॉलिथिनमध्ये बंद करा आणि नागपूरला आल्यावर वाळवा. स्पिरिट वापरलं तर लेबलवर लिहायचं, रंग जातो आणि त्या पानांतून डीएनए काढणं अवघड होतं. त्यासाठी एक कोवळं पान आधीच सिलिका जेलमध्ये, पानाच्या दहापट वजनाचं जेल. कणसाचे एक-दोन तुकडे एफएएमध्ये: ७० टक्के अल्कोहोल ९० मिली, फॉर्मालिन ५, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ५.

पावसाळ्यात ब्लॉटर रोज बदला, पहिले तीन दिवस दोनदा. ड्रायर ४५ ते ५० अंशांवर. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर प्रेस टाकला तर तोही तेवढाच तापतो, पण वरचा थर कुरकुरीत आणि आतला ओला राहतो. पानं उचलताना तुटतात.

लेबलवर ते लिहा जे वाळल्यावर उरत नाही: कणीस उभं की लोंबतं, ताज्या कणसाचा रंग, फळ पिकल्यावरचा रंग, चुरडल्यावर वास, चव. लागवडीच्या मिरीशी तुलना करताना जपून. तिच्या बहुतेक वाणांची फुलं द्विलिंगी असतात, रानातल्या वेली बहुधा नर-मादी वेगळ्या.

चंपक_नाही_पिंपळी

लिहिण्याच्या दोन गोष्टी राहिल्या.

शेवटाचा प्रत्यय. मिकेलचे काही वंश व्याकरणाने स्त्रीलिंगी, मुल्डेरा, चाविका वगैरे. पायपर नपुंसकलिंगी. विशेषण असेल तर शेवट बदलतो: मुल्डेरा गॅलिआटा, पण पायपर गॅलिआटम. तुमच्या नावात द कँडोलने तो बदललाय का बघा, नसेल तर आपण दुरुस्त करायचा, लेखक बदलत नाही. आणि १८६९ मध्ये हे नाव पायपरमध्ये आलं तेव्हा त्याच शब्दाचं दुसरं पायपर आधीच होतं का, हेही तपासा. हजारो नावांचा वंश आहे, असे अपघात इथे होतात. आधीचं निघालं तर द कँडोलचं संयोजन (नव्या वंशातलं नाव) नियमबाह्य, इलेजिटिमेट ठरेल आणि लेक्टोटाइपच्या आधी नावाचाच विचार करावा लागेल.

सिस्टेमा दोन भागांत निघालं, १८४३ आणि १८४४. तुमचं पान कोणत्या भागात पडतं ते 'टॅक्सॉनॉमिक लिटरेचर २'मध्ये बघून एकच साल द्या. '१८४३-४४' पेपरमध्ये चालणार नाही.

नेमणुकीची ओळ साधारण अशी: लेक्टोटाइप (येथे नियुक्त): भारत, द्वीपकल्प, दिनांक नाही, वाइट, क्रमांक नाही (क्यू, बारकोड अमुक, नर). बारकोड चित्रावरून उतरवू नका. क्यूच्या कॅटलॉगमधून कॉपी करा आणि पेपर पाठवायच्या दिवशी पुन्हा एकदा उघडून बघा. एका आकड्याने चुकलेला बारकोड म्हणजे भलत्याच झाडाची शीट.

पेरंवाली

पान दुसऱ्या भागात पडतं, म्हणजे १८४४. चौथ्या शीटवर हृदयाकृती पानांच्या फांदीला दोन पेरांवर मुळांचे खुंट दिसले. क्यूला बारकोड आणि चौकोन केलेला फोटो आज पाठवते.